अण्णांच्या आवाजात

थंडीची पहिली चाहूल लागली की अण्णा आणि वहिनी समुद्राकाठच्या उबदार देशात निघून जात, आणि त्यांची पाठ वळली की इकडे बापू अण्णा होत.

पहिल्या गोष्टीला विमानाचं तिकीट लागे, दोन मोठ्या बॅगा लागत, वहिनींच्या गुडघ्यांना डॉक्टरांची परवानगी लागे. दुसऱ्या गोष्टीला फक्त बैठकीच्या खोलीचं दार लोटून घ्यावं लागे आणि घसा खाकरावा लागे. "हं, बोलतोय," असं बापू जड, वरच्या पगाराच्या आवाजात म्हणाले की पलीकडे बँकेची मुलगी खुर्चीत ताठ बसत असावी, असं त्यांना फोनमधूनही जाणवे.

व्यवस्था साधी होती. अण्णा बंदर खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. त्यांचं पेन्शन इथल्या बँकेत जमा होई आणि तिथल्या दोन खोल्यांचं भाडं इथून पाठवावं लागे. अण्णांनी तिकडून बँकेला फोन लावला तर ताटकळण्याचे पैसे पडत. शिवाय तिकडे सकाळ झाली की इकडे बँक बंद व्हायची वेळ. म्हणून अण्णा आपला जुना मोबाईल, ज्याला घरात सगळे 'डबडं' म्हणत, बापूंच्या हवाली करून जात. बँकेचे निरोप, कोड, फोन सगळं डबड्यावर येई. पैसे पाठवायचे झाले की अण्णा कळवत, बापू डबड्यावरून बँकेला फोन लावत आणि अण्णा म्हणून बोलत.

दोघा भावांचा आवाज लहानपणापासून एक. दाराबाहेरून हाक आली की वडील आतून विचारत, "कोण, मोठा की धाकटा?" आणि दोघंही "मी" म्हणत. बँक ओळख पटवायला तीन प्रश्न विचारी: आईचं नाव, जन्मगाव आणि पहिली शाळा. तिन्हींची उत्तरं दोघांची एकच. ज्याने ही प्रश्नावली तयार केली त्याला सख्खा भाऊ नसावा.

आता यात फसवणूक कुठे होती? पैसे अण्णांचे, काम अण्णांचं, हुकूम अण्णांचा. बापूंचं काय होतं, तर तोंड. बापूंनी सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानदाराच्या तागडीखाली चिकटवलेलं मेण ते वासावरून ओळखत. लबाडी कशाला म्हणतात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी हा व्यवहार मनातल्या तागडीत नीट तोलून पाहिला होता. तागडी अर्थात त्यांचीच होती.

आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडे. त्याच बँकेत बापूंचं स्वतःचंही खातं होतं. स्वतःसाठी फोन केला की बापू "जरा त्रास देतो हं" असं सुरू करत, आणि मग बराच वेळ होल्डवरची बासरी ऐकत बसत. डबड्यावरून केला की बासरी नाही, काही नाही; दुसऱ्या घंटीला "गुड मॉर्निंग सर!" मोठ्या ठेवीवाल्यांसाठी बँकेने वेगळी मुलगी ठेवलेली होती. अण्णा झाले की बापू त्या मुलीला झापत, विनोद करत, एकदा तर त्यांनी व्याजदर पाव टक्क्याने वाढवून घेतला. फोन ठेवून बाहेर आले की बायको म्हणे, "झालं का साहेब तुमचं ऑफिस? आता जरा गिझर का तापत नाही ते बघा."

गेल्या हिवाळ्यात बँकेने नवीनच टूम काढली. मुलगी म्हणाली, "सर, आता आईचं नाव वगैरे विचारायची कटकट संपली. तुमचा आवाज हाच तुमचा पासवर्ड. मी सांगते ते वाक्य फक्त तीन वेळा म्हणायचं."

"कोणतं वाक्य?"

"'माझा आवाज हीच माझी ओळख.'"

बापू क्षणभर थबकले. निरीक्षकाला हे माप जरा खोटं वाटलं. पण मुलगी थांबली होती, आणि अण्णा कधी थबकत नाहीत. त्यांनी खाकरून, छाती भरून घेऊन तीन वेळा म्हटलं. तिसऱ्यांदा तर असं झकास म्हटलं की मुलगी म्हणाली, "वा सर, काय आवाज आहे! मशीनने लगेच घेतला."

त्या दिवशी अण्णांना त्यांनी कळवलं, 'बँकेने सिस्टिम बदलली आहे. मी बघून घेतलं.' यात खोटं एक अक्षर नव्हतं. बापूंना त्याचा पुढे कित्येक दिवस अभिमान होता.

या हिवाळ्यात मात्र कुरबुर झाली. एरवी तिकडून फोन आला की वहिनीच बोलत. हवा, गुडघे, शेजारच्या बाईचं कुत्रं. अण्णा मागून कुठूनतरी ओरडत, "भाडं गेलं का विचार!" तेवढंच. पण त्या आठवड्यात अण्णांचा मेसेज आला: 'बापू, गेल्या तीन महिन्यांच्या स्टेटमेंटचे फोटो काढून पाठव. सहज.'

बापूंनी तो मेसेज बायकोला वाचून दाखवला.

"मग पाठवा की," बायको म्हणाली.

"सहज म्हणतायत."

"मग सहज पाठवा."

"तुला नाही कळायचं. मी दुकानात शिरलो की काय म्हणायचो? 'सहज आलो होतो.' सहज म्हटलं की दुकानदाराचा अंगठा तागडीवरून खाली यायचा. 'सहज'चा अर्थ मला माहीत आहे."

"अहो, त्यांचे पैसे आहेत. बघावेसे वाटले असतील."

"इतके हिवाळे नाही वाटलं ते?"

बापूंनी फोटो पाठवले नाहीत. नकारही दिला नाही. त्यांनी जे केलं त्याला आपल्याकडे फुगणं म्हणतात, आणि ते करायला वयाची अट नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको वाचनालयात गेली होती. बापू खिडकीशी बसून पायांवर रग घेऊन पेपर वाचत होते. त्यांचा स्वतःचा फोन वाजला. अण्णांचा तिकडचा नंबर. बापूंनी फोनकडे पाहिलं, फोनने बापूंकडे. वाजू दे. सहज वाजत असेल. तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. बापूंनी तो उशीखाली ठेवला आणि अग्रलेख मोठ्याने वाचायला घेतला. उशी बराच वेळ गुरगुरत राहिली आणि मग गप्प झाली.

अग्रलेख संपला, शब्दकोडं निम्मं झालं, आणि डबडं वाजलं.

"गुड आफ्टरनून सर," बँकेची मुलगी. पण आज तिचा आवाज दबका होता. "सर, एक गंभीर बाब आहे. आत्ता परदेशातून एका माणसाने फोन केला होता. तुमचं नाव सांगून."

बापूंच्या हातातलं पेन थांबलं.

"तुमच्या खात्यातून मोठी रक्कम मागत होता. आम्ही वाक्य म्हणायला सांगितलं, तर मशीनने तिन्ही वेळा नाकारलं. आवाज जुळतच नव्हता सर. आधी खूप चिडला, मग रडवेला झाला. आईचं नाव सांगायला लागला, शाळेचं नाव सांगायला लागला. हे लोक सगळी माहिती काढून ठेवतात हो. म्हातारा वाटत होता. तुमच्या ओळखीचं आहे का कोणी असं?"

माणसाच्या मनात एका वेळी एकच विचार येतो असं कोणी म्हणत असेल तर त्याने त्या क्षणी बापूंच्या मनात डोकावायला हवं होतं. तो म्हातारा अण्णा होते, हे त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. पण त्याला लागूनच दुसरा विचार आला: म्हणजे मी फोटो पाठवले नाहीत म्हणून यांनी परस्पर बँक गाठली! माझी झडती! आणि मोठी रक्कम मागितली, म्हणजे सगळं माझ्या हातून काढूनच घ्यायचं होतं! आणि या दोघांच्या मागे तिसरा उभा होता, हडकुळा आणि थंड: आता मी 'तेच खरे' असं म्हटलं, तर मी कोण?

"सर? आहात ना?"

बापू खाकरले.

"मी ओळखत नाही त्यांना," ते अण्णांच्या आवाजात म्हणाले. "मी इथे माझ्या घरात बसलोय."

"मला वाटलंच. काळजी करू नका सर, खातं आम्ही गोठवलं आहे. आता त्याने कितीही डोकं आपटलं तरी एक पैसा मिळणार नाही."

"शाबास," बापू म्हणाले. अण्णा असते तर हेच म्हणाले असते.

फोन ठेवल्यावर खोली पूर्वी होती तशीच होती. रग पायांवर होता. शब्दकोड्यात आडवा शब्द अर्धा भरलेला होता. बापूंनी तो पूर्ण करायचा प्रयत्न केला, पण अक्षरं चौकोनात मावेनात.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. बायको कोट न काढताच आत आली, हातात तिचा फोन.

"तुमचा फोन कुठे आहे?"

"का?"

"अहो, अण्णांनी तुम्हाला किती वेळा फोन केला! शेवटी मला केला. वाचनालयात सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी पडल्या. न्हाणीत पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन लगेच करायला हवं म्हणतायत, पण परक्या देशातली माणसं म्हणून आधी सगळी रक्कम भरा म्हणतात. अण्णांच्या कार्डाची मर्यादा संपली." ती खुर्चीत बसली. "आणि बँक त्यांना म्हणते, तुम्ही तुम्ही नाही."

बापूंनी पेपरची घडी घातली.

"असं कसं म्हणेल हो बँक? अण्णांना धड बोलताही येत नव्हतं. मला म्हणाले, 'अगं, बापूला सांग, तो बँकेशी बोलेल. त्याचं बँक ऐकते.'"

उशीखाली फोन होता. बापूंनी तो काढला. पडद्यावर अण्णांचं नाव एकाखाली एक, एकाखाली एक.

"आणि ते स्टेटमेंट," बायको म्हणाली, "वहिनींच्या विम्याच्या अर्जासाठी हवं होतं म्हणे. त्यांनी 'सहज' लिहिलं, तुम्हाला घाई वाटायला नको म्हणून."

बापूंनी एक गोष्ट लगेच केली: डबडं उचललं. जे अण्णांच्या आवाजात बिघडवलं ते अण्णांच्याच आवाजात दुरुस्त करावं, हे तर्कशास्त्र अगदीच टाकाऊ नव्हतं.

"हं, बोलतोय. ते मघाचं. चूक झाली. तो फोन करणारा माझा भाऊ होता. त्याला हवी ती रक्कम देऊन टाका."

"सर," मुलगी अदबीने म्हणाली, "भावाला तुमचं खातं नाही चालवता येत."

"सख्खा भाऊ आहे."

"सख्खा असला तरी सर. खातेदार सोडून दुसरं कोणी खातेदाराच्या नावाने बोललं तर तो गुन्हाच असतो. तुमच्या भावाविरुद्ध तक्रार नोंदवायची असेल तर मी फॉर्म पाठवू शकते."

"नको."

"आणि खातं खुलं करायला आता तुम्हाला स्वतः शाखेत यावं लागेल सर. ओळखपत्र घेऊन. तुम्ही तर इथेच आहात ना? मघाशी म्हणालात."

बायको हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. बापूंनी फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "मघाशी म्हणजे कधी?"

बापूंनी सांगितलं. सांगताना ते रगाच्या झालरीला गाठी मारत होते. सांगून झालं तेव्हा पाच-सहा झाल्या होत्या.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "ओळखत नाही म्हणालात? अण्णांना?" आणि मग, "कोट घाला. बँक बंद व्हायच्या आत पोचायला हवं."

"आपली ठेव मोडून पाठवू या का? तेवढी नाही भरायची, पण..."

"ती मोडून पैसे हाती यायला चार दिवस लागतील. आणि कोट घाला म्हटलं ना."

शाखा दोन चौक पलीकडे होती. बापू चालत निघाले. बायकोने बरोबर येऊ का विचारलं नाही आणि बापूंनी ये म्हटलं नाही. रस्त्यावर वाऱ्याने नाक वाहायला लागलं. वाटेवरच्या दुकानात फळवाला इलेक्ट्रॉनिक काट्यावर संत्री तोलत होता. त्याने जुन्या सवयीने बापूंना पाहून काट्यावरचा हात काढला आणि हसला. बापूंनी मान खाली घातली. हात काढायची पाळी आज कोणाची होती ते फळवाल्याला माहीत नव्हतं.

मॅनेजरबाई ठेंगण्या, चष्म्याच्या, सर्दी झालेल्या होत्या. त्यांनी बापूंना ओळखलं. "तुम्ही ते... धाकटे ना? तुमच्या भावांचं खातं आज जरा गाजतंय. बसा. एक बोलू? भाऊ तुमचे फोनवर फार रुबाबदार बोलतात. आमच्या मुली घाबरून असतात. तुम्ही अगदी उलटे."

"मॅडम," बापू म्हणाले, आणि थांबले. कोणत्या आवाजात बोलावं हेच कळेना. "मॅडम, ते मीच."

"काय तुम्हीच?"

"रुबाबदार."

मॅनेजरबाईंनी नाक पुसलं. "मला सर्दीने नीट ऐकू येत नाहीये. परत सांगा."

असली गोष्ट एकदा सांगायला माणसाला सगळं बळ एकवटावं लागतं. दुसऱ्यांदा सांगायला ते उरत नाही. तरी बापूंनी सांगितली. हिवाळे सांगितले, डबडं सांगितलं, तीन वेळा म्हटलेलं वाक्य सांगितलं. "परदेशातून बोलत होते ते खरे. फोनवर इथून बोलत होतो तो मी. लबाडी माझी आहे. वहिनींचं हाड मोडलंय, ते बिचारे तिकडे दवाखान्यात उभे आहेत."

"असं कसं होईल?" बाई म्हणाल्या. त्यांचा विश्वासच बसेना. बँकेने त्या मशीनवर अतोनात पैसा ओतला होता, आणि समोरचा माणूस म्हातारा होता, नाक वाहत होतं, मफलर उलटा बांधलेला होता. "मशीन चुकत नाही."

"मशीन चुकलंच नाहीये," बापू म्हणाले.

बाईंनी टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला, कुठलेतरी आकडे दाबले आणि बापूंपुढे सरकवला. "म्हणा."

बापू खाकरले. बाहेर रांगेतल्या दोघांनी आत वळून पाहिलं.

"माझा आवाज हीच माझी ओळख."

"स्वागत आहे," मशीन गोड आवाजात म्हणालं, आणि पुढे अण्णांचं नाव घेतलं, आडनावासकट.

बाईंनी फोन बंद केला. मग मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही कुठल्या खात्यात होतात?"

"वजनमापे."

"निरीक्षक?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण त्या 'बरं'चं वजन बापूंनी नीट जोखलं. त्यात तसूभरही कमी नव्हतं.

मग मात्र बाई भराभर कामाला लागल्या. वरच्या ऑफिसला फोन केला, कोणाशी तरी भांडल्या, कोणाला तरी 'त्या बाईंचं हाड मोडलंय हो, नियम नाही' असं सुनावलं. शेवटी ठरलं: व्हिडिओवर खऱ्या खातेदाराचा चेहरा आणि पासपोर्ट पाहायचा, जुना आवाज पुसायचा, नवा घ्यायचा, आणि पैसे थेट दवाखान्याला पाठवायचे. "तुम्ही इथेच बसा," त्या बापूंना म्हणाल्या. "पण तुमच्या तोंडून एक शब्दही येता कामा नये. नाहीतर मशीन पुन्हा तुम्हालाच धरून बसेल."

पडद्यावर अण्णा आले. मागे हिरवट भिंत, प्लास्टिकच्या खुर्च्या. शर्टाची वरची दोन बटणं उघडी. अण्णा बटण उघडं ठेवून दाराबाहेरही पडत नसत. बापू कॅमेऱ्याच्या बाजूला बसले होते; अण्णांना ते दिसत नव्हते. अण्णांनी धरलेल्या पासपोर्टवरचं अक्षर लागत नव्हतं, आणि बाई म्हणत होत्या, "जरा स्थिर धरा, काका." अण्णांना कोणी काका म्हटल्याचं बापूंनी पहिल्यांदाच ऐकलं.

"आता वाक्य म्हणा. तीन वेळा."

"माझा आवाज..." अण्णा म्हणाले आणि त्यांना खोकला आला. "माफ करा हं. माझा आवाज हीच..."

बापूंची मान वर झाली.

हा आवाज कोणाचा होता? तो कापरा होता, तळाशी भेग पडलेली, शब्दाच्या शेवटी हवा संपत होती. बापू ज्याला अण्णांचा आवाज म्हणून काढत तो भरदार, खर्जातला, साहेबी. तो कधीचा होता? निवृत्तीच्या समारंभातल्या भाषणाचा असावा. त्यानंतर बापूंनी अण्णांना ऐकलंच नव्हतं. फोनवर वहिनी बोलत आणि अण्णा मागून भाड्याचं ओरडत. उन्हाळ्यात भेटले की बापूच बँकेचे पराक्रम सांगत बसत आणि अण्णा हसत. अण्णांचा आवाज म्हातारा होत गेला आणि बापू इकडे त्यांच्या जुन्या आवाजात मुलींना झापत राहिले. जे सख्ख्या भावाला कळलं नव्हतं ते मशीनला पहिल्याच फटक्यात कळलं होतं.

"पुन्हा म्हणा काका. जरा मोठ्याने."

"माझा आवाज हीच माझी..."

नकळत बापूंचे ओठ हलायला लागले. लहान मूल स्टेजवर कविता विसरलं की आईचे हलतात तसे. बाईंनी डोळे वटारले. बापूंनी मफलर तोंडात कोंबला.

चौथ्या की पाचव्या खेपेला मशीनने अण्णांना अण्णा म्हणून मान्य केलं. बाई दवाखान्याच्या खात्याचा नंबर घ्यायला लागल्या. अण्णा एकेक आकडा सांगत आणि प्रत्येक आकड्यामागे "बरोबर आहे ना?" विचारत. शेवटी बाई म्हणाल्या, "झालं. पैसे निघाले. तासाभरात पोचतील." अण्णांनी डोळे मिटले आणि उघडले.

"हे काय झालं होतं हो?" त्यांनी विचारलं. "मशीन बिघडलं होतं का?"

मॅनेजरबाईंनी बापूंकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. त्यांना त्या वेळी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसत असावं. बापूंना कळलं की त्या काही सांगणार नाहीत. दार उघडं ठेवलं होतं. गुपचूप बाहेर पडता आलं असतं.

"माझा भाऊ आहे का तिथे?" अण्णा म्हणाले. "हिची जाऊ म्हणाली तो शाखेत गेलाय. त्यानेच खटपट केली ना ही? मी म्हटलंच होतं, बापूचं बँक ऐकते."

बापूंनी मफलर तोंडातून काढला आणि खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढली.

"अण्णा."

"अरे! आहेस होय! वाचवलंस बाबा. ही तुझीच आठवण काढतेय."

"अण्णा, मशीन बिघडलं नव्हतं. गेल्या वर्षी मी त्यात माझाच आवाज भरला होता. तुमच्या नावाने."

"हात्तिच्या! एवढंच ना? ते आपलं चालतच आलंय की. मीच सांगितलेलं."

"एवढंच नाही." बापूंनी टेबलाची कड धरली. "तुमचा फोन झाल्यावर बँकेने मला विचारलं, हा माणूस कोण. ओळखता का. मी म्हटलं, नाही."

तिकडे कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत अण्णांच्या मागून गेलं. अण्णा मागे वळून बघत राहिले, ती जाईपर्यंत.

"नाही म्हणालास."

"हो."

"तुला कळलं होतं मी आहे ते?"

"कळलं होतं."

अण्णांनी शर्टाचं एक बटण लावलं. दुसरं लावलं. मग विचारलं, "कोणाच्या आवाजात म्हणालास? तुझ्या की माझ्या?"

"तुमच्या."

"मग काय," अण्णा म्हणाले. "ते मीच म्हटलं असेन." आणि किंचित हसल्यासारखं करून ते उठले. "हिला आत नेतायत. ठेवतो."

पडदा काळा झाला. त्यात बापूंना मफलर आणि त्यावर कोणाचंतरी तोंड दिसलं.

ऑपरेशन चांगलं झालं. वहिनी पुढच्याच आठवड्यात फोनवर शेजारच्या बाईच्या कुत्र्याबद्दल बोलायला लागल्या. अण्णांनी झाल्या प्रकाराबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही, स्टेटमेंट मागितलं नाही, डबडं परत मागितलं नाही. भाड्याचं मात्र ते आता स्वतः बघतात, त्यासाठी भल्या सकाळी गजर लावून उठतात. बापू म्हणतात, "अण्णा, मला सांगा ना, मी शाखेत जाऊन करतो, माझ्या नावाने, रीतसर." अण्णा म्हणतात, "असू दे रे. तुला कशाला त्रास." अण्णा हे मनापासून म्हणतात. बापूंना शिव्या चालल्या असत्या.

बँकेने बापूंकडून लेखी माफी घेतली आणि पोलिसांकडे गेली नाही. पण त्यांचा आवाज मशीनच्या संशयितांच्या यादीत कायमचा जाऊन बसला. आता बापूंनी स्वतःच्या खात्यासाठी फोन करून "जरा त्रास देतो हं" म्हटलं की बासरीसुद्धा लागत नाही. सरळ फोन बंद होतो. वीजबिल असो, पेन्शन असो, नवीन चेकबुक असो, त्यांना जातीने शाखेत जाऊन रांगेत उभं राहावं लागतं.

ते राहतात. मधे कोणी घुसलं तरी बोलत नाहीत. मॅनेजरबाईंनी एकदा त्यांना पाहिलं आणि आत बोलावलं, "बसा ना, काका, तुमचं काम आधी करून देते." बापूंनी मानेनेच नको म्हटलं.

काउंटरवरचा कारकून नवीन होता. बापूंची पाळी आली तेव्हा त्याने वर न बघताच विचारलं, "नाव?"

बापूंच्या घशाशी ती जुनी खाकर आली. त्यांनी ती गिळली, आणि जेवढा होता तेवढ्याच आवाजात आपलं नाव सांगितलं. कारकुनाला ते ऐकू गेलं नाही. त्यांनी परत सांगितलं.